हिरा घेताना कॅरेटच्या आधी कट बघा

पहिल्यांदाच हिरा घेताय ना, मग वजन-रंग नंतर. चमक ठरते ती पैलू कसे पाडलेत यावर. सराफ बाजारातल्या काउंटरच्या स्पॉटलाइटखाली सुमार खडाही लखलखतो. म्हणून आधी तो पुसून घ्या, बोटाच्या तेलकटपणानेही तेज उतरतं. मग दुकानाच्या दारापाशी सावलीत, सोलापूरच्या रखरखीत उन्हात नव्हे, चिमट्यात धरून सावकाश हलवा. काळे-पांढरे कवडसे जागा बदलत सगळ्या खड्यावर उघडझाप करायला हवेत. मधोमध काळपट डाग तसाच राहिला तर तळ जास्त खोल कापलाय; टेबलाच्या, म्हणजे वरच्या सपाट पैलूच्या, आत पांढरट कडं दिसलं तर उथळ.

खोल खड्यात वजन तळाशी दडतं. 1 कॅरेटचा गोल खडा साधारण 6.5 मिमी रुंद हवा, 6.2 भरला, तर न दिसणाऱ्या वजनाचे पैसे जातात. असा खडा सरळ नाकारा.

सर्टिफिकेटवर टेबल खड्याच्या रुंदीच्या 54 ते 58 टक्के, उंची (depth) 60 ते 62.5 टक्के, पॅव्हेलियनचा, म्हणजे खालच्या निमुळत्या भागाचा, कोन 41 अंशांच्या आसपास बघा. फ्लुरोसन्स, म्हणजे अतिनील प्रकाशात खडा चमकण्याचा गुण, ‘स्ट्राँग’ असेल तर मात्र उन्हात नेऊन खडा दुधाळ दिसतो का ते तपासा. पैसे देण्याआधी 10 पट मोठं दाखवणाऱ्या लूपमधून (भिंगातून) गर्डलवर, म्हणजे खड्याच्या कडेवर, कोरलेला नंबर सर्टिफिकेटशी जुळवून घ्या.