विमा कंपनी वय नाही, वापर बघते

प्रश्न : मी यावल तालुक्यातला, वय २१. नुकतंच कच्चं लायसन काढलंय. भुसावळचे मामा त्यांची ईको व्हॅन मला द्यायला तयार आहेत. गाडी पांढऱ्या पाटीची आहे, मागची सीट त्यांनी काढून टाकली आहे. आमच्या शेतातली केळी-भाजी सावद्याला आणि जळगावला न्यायची, जमलं तर शेजाऱ्यांचा मालही भाड्याने न्यायचा, असा विचार आहे. एजंट म्हणतो, तुमचं वय लहान आणि लायसन कच्चं, म्हणून विमा महाग पडेल. गाडी मामांच्याच नावावर राहू द्या, साडेतीन हजारांत काम होईल. मालवाहू म्हणून विमा घेतला तर सोळा हजारांच्या पुढे जाईल. स्वस्तातला मार्ग धरला तर कायद्याची काही अडचण येईल का?

उत्तर : एजंटने सांगितलेले आकडे जीएसटी सोडला तर बरोबर आहेत, कारण मात्र चुकीचं आहे. ब्रिटनसारख्या देशात चालक किती वर्षांचा आणि शिकाऊ आहे का, यावर हप्ता भरमसाठ वाढतो. इंटरनेटवर दिसणारी बरीच माहिती तिकडची असते. आपल्याकडे हप्ता ठरतो तो मुख्यतः गाडी बघून. त्यातही थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला भरपाई देणाऱ्या सक्तीच्या विम्याचा हप्ता केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरवतं. तो एकवीस वर्षांच्या भाच्याला आणि साठीच्या मामांना सारखाच, आणि कुठल्याही कंपनीत गेलात तरी तेवढाच. मामांचं नाव ठेवून वयाचा एक रुपयाही वाचत नाही. वाचतात ते गाडीचा खरा वापर लपवल्याचे पैसे.

१ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या खाजगी कारला थर्ड पार्टीचा हप्ता ३,४१६ रुपये आहे आणि साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला १६,०४९ रुपये. जीएसटी वेगळा. (विमा घेण्याच्या दिवशी चालू असलेला दर तेवढा तपासून घ्या.) मामांची ईको आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) खाजगी कार आहे, पण तीत केळी भरली की ती त्या पॉलिसीच्या बाहेर गेली. खाजगी कारच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ हा परिच्छेद असतो. भाड्याने वापर चालत नाही, आणि नमुने व सोबतचं सामान सोडून मालाची वाहतूकही चालत नाही. माल स्वतःच्या शेतातला असला तरी हे लागू आहे. बरेच शेतकरी नेमके इथेच फसतात.

आता अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर भरल्या गाडीने कुणाला धडक बसली असं धरा. जखमी माणूस जळगावच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाईल. अशा वेळी न्यायाधिकरण पुष्कळदा विमा कंपनीला सांगतं, ‘त्याला आधी पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा’. म्हणजे जखमीची सोय होते, मालकाची होत नाही. आणि मालक कोण? नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. गाडी तोंडी देऊन टाकली, चावी भाच्याकडे आहे, हे चालत नाही. वसुलीची नोटीस भुसावळला मामांच्या दारात येईल. हे त्यांना आजच सांगा.

तुमची बाजूही सुरक्षित नाही. पंधरा लाखांचं सक्तीचं वैयक्तिक अपघात संरक्षण नोंदणीकृत मालकाला असतं. दुसऱ्याची गाडी मागून चालवणारा अपघातात मालकाच्याच जागी धरला जातो, म्हणून थर्ड पार्टीखाली तुम्हालाही भरपाई मागता येत नाही.

कच्च्या लायसनबद्दल मात्र निर्धास्त राहा. २००४ च्या स्वर्ण सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की शिकाऊ लायसन हेही लायसनच आहे, केवळ त्या कारणावरून कंपनीला थर्ड पार्टीची जबाबदारी झटकता येत नाही. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ३ पाळलेला हवा. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल रंगात ‘एल’ची पाटी लावायची, आणि त्या गाडीचं पक्कं लायसन असलेला शिकवणारा शेजारी बसलेला हवा, गाडी थांबवता येईल अशा जागी. मागे कॅरेटवर टेकलेला मित्र चालणार नाही. हे पाळलं नाही तर ते विनालायसन चालवणंच झालं : तुम्हाला पाच हजारांपर्यंत दंड आणि गाडी हातात देणाऱ्या मामांना वेगळा पाच हजारांपर्यंत. दोन्हीत तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे.

आणखी एक गोष्ट एजंट सांगत नाहीत. मालवाहू गाडीच्या प्रमाणित पॉलिसीत शिकाऊ चालकाला मुभा आहे, पण गाडीत माल नसताना. म्हणजे सोळा हजार भरूनही कच्च्या लायसनवर केळी नेता येत नाही. शिकायचे दिवस आणि कमवायचे दिवस तुम्हाला वेगळेच ठेवावे लागतील. काही फार बिघडत नाही : कच्चं लायसन काढल्यापासून ३० दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते, आणि कच्चं सहा महिने चालतं. तोपर्यंत माल टेम्पोवाल्याकडून पाठवा.

पक्कं लायसन हलक्या वाहनाचं मिळालं की पुरे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी त्याच लायसनवर चालवता येते, वेगळ्या नोंदीची गरज नाही. शिवाय तीन टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिटही लागत नाही. फिटनेस प्रमाणपत्र मात्र लागतं.

मग परवडणारा मार्ग कोणता? मामांची ईको मालासाठी घेऊच नका. सीट काढून कारची मालगाडी होत नाही. आरसीतल्या तपशिलाशी विसंगत बदल कायद्याने मना आहे, त्याचा वेगळा दंड बसेल. सीट परत बसवा, मामांना शेजारी बसवा आणि रिकाम्या गाडीवर शिका. पुढे मालासाठी कार्गो प्रकारातली जुनी ईको बघा, जिची नोंद मुळातच मालवाहू आहे.

हप्त्याची खरी बचत इथे आहे. त्याच दरपत्रकात साडेसात टनांच्या आतल्या मालवाहू गाडीचे दोन दर आहेत. भाड्याने माल नेणाऱ्या पब्लिक कॅरिअरला १६,०४९, आणि फक्त मालकाचाच माल नेणाऱ्या प्रायव्हेट कॅरिअरला ८,५१० रुपये. गाडी तुमच्या नावावर आणि माल तुमचाच असेल तर जवळजवळ निम्म्यात काम होतं. मात्र शेजाऱ्याचे घड पैसे घेऊन एकदाही भरले की तो आधार गेला. भाड्यातून वर्षाला साडेसात हजारांहून बरंच जास्त सुटणार नसेल, तर भाडं सोडून द्या. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष घरच्याच मालावर काढा.

जुनी गाडी घेतलीत तर विक्रीपासून १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज द्या. तो दिला नाही तरी थर्ड पार्टी संरक्षण तुमच्याकडे येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो माणसाबरोबर जातो. गाडी खूप जुनी आणि किंमत कमी असेल तर नुसतं थर्ड पार्टी आणि पंधरा लाखांचं अपघात संरक्षण घ्या. त्यात वारस म्हणून आईचं किंवा वडिलांचं नाव लिहा.

आणि एजंटला पैसे देण्याआधी पॉलिसीचा नमुना मागून ‘वापराच्या मर्यादा’ व ‘चालक’ हे दोन परिच्छेद स्वतः वाचा. विम्याच्या अर्जात गाडीचा वापर काय लिहिला आहे ते बघूनच सही करा.