ऑक्टोबरातल्या चर्च कॅम्पला मुलीला पाठवायचं का?

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मिस्टरांची बदली मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला झालीय, ऑगस्टमध्ये निघताय, मुलगी तिथे नववीत बसेल, धाकटा सहावीत. ज्यांच्या शेजारी घर ठरलंय त्या कुटुंबाने आत्ताच तिला त्यांच्या चर्चच्या मुलांसोबत ऑक्टोबरातल्या ‘फॉल रिट्रीट’ला, म्हणजे चर्चच्या शनिवार-रविवारच्या शिबिराला, बोलावलंय. पाठवावं का, त्यात धर्मांतराची भानगड आहे का, आणि शाकाहारी पोरीने तिथे खायचं काय?

मी नगरची, जन्माने ख्रिस्ती. इथे अमेरिकेत आमच्या चर्चच्या मुलांबरोबर अशा कॅम्पला मोठ्या माणसांपैकी एक म्हणून जाते. माझं मत: मुलीला मनापासून जायचं असेल तर खुशाल पाठवा, पण शनिवारी रात्री तिथे काय होतं ते तिला तुमच्याकडून आधी कळू द्या.

कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. शुक्रवारी शाळा सुटल्यावर बस किंवा चर्चच्या व्हॅन निघतात, रविवारी दुपारी परत. तळ्याकाठी झाडीत लाकडी केबिन, मुलींच्या वेगळ्या, मुलांच्या वेगळ्या, आत एकावर एक पलंग. प्रत्येक केबिनमध्ये कॉलेजातली एखादी ताई आणि चर्चमधली मोठी बाई. शनिवारी दुपारी झिपलाइन, धनुष्यबाण, गागा बॉल (कुंपणाच्या आत खेळायचा चेंडूचा खेळ), गवताच्या गाडीतून फेरी. ऑक्टोबरच्या मध्याला मेपलची झाडं अशी लालकेशरी होतात की मुलांपेक्षा आम्हीच जास्त फोटो काढतो. मुलांचे फोन बहुतेक ठिकाणी पहिल्या रात्रीच जमा होतात. तेव्हा दोन दिवस तिचा मेसेज आला नाही तर घाबरू नका, नर्सचा किंवा ग्रुपच्या प्रमुखाचा नंबर आधी घेऊन ठेवा.

आता मुख्य गोष्ट. शुक्रवार रात्र, शनिवार सकाळ, शनिवार रात्र आणि रविवार सकाळ अशा चार सभा तरी होतातच. गिटार-ड्रमवर गाणी, मग वक्ता. शुक्रवारी तो पोरांना हसवतो. शनिवारी रात्री येशूच्या क्रूसावरच्या मरणाच्या विषयाकडे वळतो. दिवे मंद, पियानो हळू, आणि ‘ज्यांना आज येशूला आपलं आयुष्य द्यायचंय त्यांनी हात वर करा’ किंवा ‘पुढे या’. नंतर केबिनमध्ये किंवा शेकोटीभोवती साक्षी होतात, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते एकेक जण सांगतं. मुलं रडतात, एकमेकींच्या गळ्यात पडतात. अर्धवट झोप झालेली, दिवसभर दमलेली, शिवाय नव्या शाळेत मैत्रीण मिळावी म्हणून आसुसलेली चौदा वर्षांची मुलगी तिथे बसली असेल, तर तिचाही हात वर जाऊ शकतो. मी विश्वासणारी असूनही मला ही एका रात्रीची घाई रुचत नाही. आमच्याकडे नगरला भजन-कीर्तन ऐकत, घरच्या प्रार्थनेत बसत हे सगळं वर्षानुवर्षं मुरायचं.

पण याला फसवणूक म्हणू नका. तिथे कोणी काही लपवत नाही, वेळापत्रकात छापलेलं असतं. हात वर केल्याने कुठल्या सरकारी दप्तरात धर्म बदलत नाही, आणि ‘मी बसूनच राहीन’ म्हणणाऱ्या मुलीला कोणी उठवू नये हा चांगल्या कॅम्पचा नियम असतो. बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, ही वेगळी गोष्ट. त्याबद्दल युथ पास्टरना (चर्चमधल्या मुलांचं बघणाऱ्या पाळकांना) सरळ विचारा, ‘आमच्या परवानगीशिवाय काही होणार नाही ना?’ इथली माणसं अशा प्रश्नाने दुखावत नाहीत, उलट पालक चौकशी करताहेत याचं त्यांना बरं वाटतं.

चर्च कुठलं हेही विचारा. ग्रँड रॅपिड्स हा डच वंशाच्या लोकांचा भाग, त्यांच्या ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्च या पंथाचं मुख्यालय याच शहरात आहे. या परंपरेत तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करतात, त्यामुळे ‘आज रात्री निर्णय घे’ हा सूर सहसा सौम्य असतो. बॅप्टिस्ट (कळत्या वयातच बाप्तिस्मा देणारा पंथ) किंवा कुठल्याही पंथाशी न जोडलेल्या मोठ्या चर्चमध्ये तो जास्त ठळक असतो.

(तरुणांनी उघड्यावर जमून प्रार्थना करणं ही या देशाची जुनी रीत आहे. १८०६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यमस्टाउनला कॉलेजातली पाच मुलं वादळात गवताच्या गंजीआड बसून प्रार्थना करत होती. त्या चळवळीतून १८१० मध्ये मिशनरी बोर्ड, म्हणजे परदेशी मिशनरी पाठवणारी संस्था, निघालं, १८१३ मध्ये त्याची माणसं मुंबईत उतरली आणि १८३१ मध्ये नगरला आली. आमचं घराणं ख्रिस्ती असण्याचा धागा तिथवर जातो, म्हणून ही गंजी मला विशेष जवळची!)

खाण्याचं म्हणाल तर उपास घडणार नाही, पण चव बेताची. फॉर्मवर नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहू नका. मांस, मासे, चिकनच्या पाण्यातलं सूप आणि जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं) चालत नाही, अंडं चालतं की नाही, असं फोडून लिहा. शेकोटीवर भाजायचे मार्शमेलो बहुधा डुकराच्या जिलेटिनचे असतात, ते तिला आधी सांगून ठेवा. सोबत शेंगदाण्याची चिक्की देऊ नका, शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं इथे बरीच असतात आणि कॅम्पवर बंदी असू शकते.

औषधं फार्मसीच्या लेबलसकट मूळ बाटलीतच घेतात, पुण्याहून आणलेली स्ट्रिप नर्स परत करेल. लसीकरणाची नोंद इंग्रजीत, डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासह आणा. ती शाळेलाच लागते, आणि या वयाला मिशिगनमध्ये मेनिंगोकॉकल (एका प्रकारच्या मेंदूज्वरावरची) लसही मागतात. फोटो वापरायची परवानगी फॉर्मवर वेगळी विचारलेली असते, नको असेल तर तिथे ‘नाही’ लिहा. पैसे जास्त वाटले तर सवलत मागायला लाजू नका, चर्चकडे त्यासाठी निधी असतो.

थंडीला हलकं घेऊ नका. ऑक्टोबरअखेरीस रात्री पारा चार-पाच अंशांवर येतो, कधी शून्याखालीही जातो. केबिनला हीटर आहे का ते विचारून मगच स्लीपिंग बॅग घ्या, आणि ती इथेच घ्या. पावसाचे बूट आणि टॉर्च हवाच.

तारखाही बघा. नवरात्र-दिवाळी याच दिवसांत येते, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुलगी घरी हवी असेल तर आधीच तसं सांगा, त्यात अवघडण्यासारखं काही नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात, कॅम्प पुढे ढकलून त्या आठवड्यात आला तर आणायला जायची वेळ नीट तपासा. १५ नोव्हेंबरला बंदुकीने हरणांची शिकार सुरू होते. त्यानंतरचा कॅम्प असेल तर भडक नारिंगी टोपी घ्या, आणि रानात भटकायला नेणार का तेही विचारा.

धाकट्याची काळजी आत्ता करू नका. सहावीतल्या मुलांचं रिट्रीट वेगळ्या तारखेला असतं. आणि मुलगी सोळाची झाली की ‘उन्हाळ्यात इथेच पगारी काउन्सेलर हो’ असं कोणीतरी म्हणेल. एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, मुलांना पगारी काम करता येत नाही, हे तिला तेव्हा कोणी सांगणार नाही, तुम्हालाच सांगावं लागेल.