डोरो नदीवरची वाईन क्रूझ : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातल्या क्रूझबद्दल बरेच प्रश्न जमलेत. काही प्रश्न एकसारखेच होते, ते एकत्र केलेत.

प्रश्न (पुणे) : आम्ही दोघं रिटायर झालोय, युरोपात वाईन बघत बघत नदीतून फिरायचंय. ऱ्हाईन, मोझेल, बोर्दो, डोरो, सगळ्यांचे ब्रोशर सारखेच दिसतात. कसं ठरवायचं?

ब्रोशर बाजूला ठेवा आणि आधी स्वतःला विचारा की तुम्हाला गावं बघायचीत की द्राक्षाचे डोंगर. ऱ्हाईनवर किल्ले, चर्च, मोठी शहरं भरपूर आणि वाईन मधेमधे येते. मोझेलवर चढणीवरचे रीसलिंगचे मळे फार सुंदर आहेत आणि गावं अगदी काठाला. बोर्दोला नाव मोठं, पण तिथे बोट खूप कमी अंतर जाते आणि चांगले मळे बघायला बसमधूनच जावं लागतं. डोरोला मात्र नदी हाच मळा आहे, दोन्ही बाजूंनी पाण्यापासून डोंगरमाथ्यापर्यंत पायऱ्या पायऱ्यांची शेती, आणि वाईनसाठीच जायचं असेल तर मी डोळे झाकून डोरो सांगेन.

आता डोरोचंच बुकिंग करताना काय बघायचं ते नीट वाचा, कारण बहुतेक लोक केबिनचे फोटो बघून पैसे भरतात. पोर्तोपासून स्पॅनिश हद्दीपर्यंत साधारण २१० किलोमीटर नदी बोटीला मोकळी आहे. पहिला टप्पा हिरवा, छान आहे, पण खरा द्राक्षाचा मुलूख रेग्वाच्या अलीकडे सुरू होतो आणि पिन्यांवच्या आसपास आणि त्याच्यावर तो खुलतो. म्हणून दिवसवार कार्यक्रम मागवून घ्या आणि बघा की रेग्वाच्या वर बोट उजेडात किती तास चालते आणि त्या वेळी तुम्ही बोटीवर आहात की बसमध्ये. डोरोवर रात्री बोटी चालत नाहीत, रात्री धक्क्याला लागतात, हे प्रवाशाच्या फायद्याचंच आहे कारण झोपेत काही निसटत नाही. पण काही कंपन्या नेमक्या सगळ्यात सुंदर टप्प्यात लोकांना सहलीला उतरवतात आणि बोट रिकामी पुढे जाते. असा दिवस दिसला तर सरळ विचारा, सहल सोडून बोटीवर थांबता येईल का. बहुतेक वेळा येतं.

आणि लॉक, म्हणजे पाणी भरून बोट वर उचलणारा बंद कप्पा, बघायला डेकवर हजर राहा. वाटेत पाच धरणं आहेत, प्रत्येकाला बोटीसाठी लॉक आहे. करापातेलोचं लॉक ३५ मीटर उचलतं, म्हणजे दहा-बारा मजल्यांची बिल्डिंग चढल्यासारखं. दोन्ही बाजूला ओल्या काँक्रीटच्या भिंती हाताला लागतील इतक्या जवळ, वर आकाशाची एक पट्टी, आणि मग हळूहळू पाणी भरत बोट वर येते. वालेइराचं धरण झालं त्या जागी पूर्वी भयंकर खडकाळ प्रवाह होता. १८६१ साली तिथे बॅरन फॉरेस्टर बुडाला, ज्याने या नदीचा पहिला नीट नकाशा काढला तोच माणूस. त्याच बोटीत दोना आंतोनिया फेरेइरा होती, डोरोतली सगळ्यात मोठी मळेवाली बाई, ती वाचली. लोक सांगतात तिच्या घेरदार झग्याने तिला तरंगत ठेवलं.

प्रश्न (ठाणे) : कुठल्या महिन्यात जावं? आणि सोबत ७४ वर्षांची आई आहे, गुडघे दुखतात, तिला जमेल का?

महिन्याचं पटकन सांगतो. मे आणि जूनची सुरुवात, हवा गोड, मळे हिरवेगार. सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तोडणी असते, खोरं सगळ्यात जिवंत तेव्हाच. रेटही तेव्हाच चढे असतात. जुलै-ऑगस्ट टाळा, वरच्या भागात पारा ४० च्या घरात जातो आणि दगडी डोंगर रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात. आईला घेऊन तर नकोच. मार्चमध्ये रेट कमी दिसतात पण पावसाळी दिवसांत धरणातून पाणी सोडलं, नदी चढली, की बोटी बांधून ठेवतात. उन्हाळ्यात पाणी आटून क्रूझ रद्द होणं हा ऱ्हाईनचा त्रास, २०१८ आणि २०२२ ला तिथे फार हाल झाले. डोरो धरणांनी अडवलेली असल्याने ती भीती जवळजवळ नाही.

तुमच्या आईंचं जमेल, पण बुकिंगच्या आधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या. लॉकच्या मापामुळे इथल्या बोटी छोट्या, ८० मीटरच्या आसपास, म्हणून कित्येक बोटींत लिफ्ट एक तर नसते किंवा वरच्या डेकपर्यंत जात नाही, तेव्हा लिफ्ट कुठून कुठे हे विचारा. दुसरं, धक्क्यावर गर्दी असली की बोटी एकाला एक लागून उभ्या राहतात आणि बाहेर पडायला दुसऱ्या बोटीतून पायऱ्या चढत-उतरत जावं लागतं, अशा वेळी मदतीला कोणी असेल का ते विचारा. तिसरं, लामेगोच्या रेमेदिओसच्या देवळाला ६८६ पायऱ्या आहेत, पण वरपर्यंत रस्ताही जातो, तर बस वर सोडते की खाली तेही आधीच कळू दे. केबिन मधल्या डेकवरची घ्या. खालच्या डेकची खिडकी छोटी आणि उंचावर असते, आईला पलंगावर बसून नदी दिसणार नाही आणि मग एवढे पैसे भरून उपयोग काय.

पोर्तोत सगळीकडे दगडी फरसबंदी आणि चढ. साधे चपटे बूट द्या आणि तिथे टॅक्सीला हात आखडता घेऊ नका.

प्रश्न (पिंपळगाव बसवंत) : आमची स्वतःची द्राक्षबाग आहे, थोडी वाईनची व्हरायटीपण लावलीय. टुरिस्टसारखं टेस्टिंग करून यायचं नाही, बाग बघायचीय. क्रूझमध्ये ते होतं का?

हा प्रश्न आला आणि मला फार बरं वाटलं. क्रूझच्या ठरलेल्या सहलीत तुमचं समाधान होणार नाही, तिथे चाळीस माणसांना एकदम फिरवतात. तुम्ही असं करा, क्रूझच्या आधी किंवा नंतर पिन्यांव किंवा रेग्वाला दोन रात्री काढा आणि एखाद्या छोट्या किंटाला, म्हणजे मळ्याच्या घराला, आधी ईमेल करून कळवा की आम्ही नाशिकचे द्राक्ष उत्पादक आहोत. शेतकऱ्याला शेतकरी भेटला की गोष्ट वेगळी होते, तुम्हाला बागेत नेतील.

बघायचं काय, तर आधी जमीन. तिथे माती नाहीच म्हणा, शिस्ट नावाचा पापुद्र्यांचा दगड आहे, त्याच्या उभ्या फटींतून मुळं पाण्यासाठी खोल खोल जातात. ठिबक तुम्हाला थोड्याच ठिकाणी दिसेल, जुन्या बागा तर पूर्ण पावसावर. जुने बांध हाताने रचलेल्या कोरड्या दगडाचे, चुना-सिमेंट काही नाही, आणि १९७० नंतर बुलडोझरने केलेले रुंद मातीचे टप्पे वेगळे ओळखू येतात. कुठे उतारावर उभ्याच ओळी लावल्यात. एकाच डोंगरावर तिन्ही पद्धती दिसतात, तिथे उभं राहून मालकाला विचारा की मजुरी कशात किती लागते, धूप कशात होते.

छाटणी तिथे वर्षातून एकदाच. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि मग ऑक्टोबरची गोडी छाटणी, तसं नाही, थंडीत वेल पूर्ण झोपतो, पानं गळतात, तेव्हाच छाटतात. त्यामुळे तुमची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये आटपते आणि त्यांची सप्टेंबरात, म्हणजे तुम्ही तोडणीच्या हंगामात जायचं म्हटलं तर गोडी छाटणीच्या तोंडावर परत यायला लागेल, सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धरा. जुन्या बागांत एकाच ओळीत दहा-वीस जाती मिसळलेल्या असतात, एकत्रच तोडतात. नव्या लागवडीत तुरिगा नासिओनाल, तुरिगा फ्रांका, तिंता रोरिज वेगवेगळ्या लावतात. तुरिगा नासिओनालचा घड बघाल तर मणी बारीक, साल जाड, आणि उत्पन्न ऐकून तुम्ही म्हणाल याला परवडतं कसं.

मधेमधे डोंगरावर ओसाड टप्पे दिसतात, कुठे त्यावर ऑलिव्ह लावलंय. १८६० च्या दशकात फिलॉक्सेरा ही मुळं खाणारी कीड आली आणि बागाच्या बागा गेल्या, ते टप्पे पुन्हा लागलेच नाहीत. त्यानंतर सगळं कलम अमेरिकन खुंटावर. तुम्ही डॉगरिज खुंटावर बांधता ते वेगळ्या कारणाने, आपल्याकडे क्षार आणि पाण्याचा ताण, पण खुंटावर बोलायला लागलात तर दुपार कमी पडेल.

आणि एक गोष्ट जरूर समजून घ्या, ती बेनेफिसिओची. प्रत्येक प्लॉटला जमीन, उतार, उंची, तोंड कुठल्या दिशेला, वेलाचं वय, अशा गोष्टींवर गुण देऊन ग्रेड ठरलेली असते आणि कुणाची किती द्राक्षं पोर्टसाठी, म्हणजे इथल्या गोड आणि कडक वाईनसाठी, घ्यायची हे दरवर्षी ठरतं. पोर्टच्या कोट्याला भाव चांगला, उरलेली द्राक्षं साध्या वाईनला जातात आणि तिथे भाव पडतो. तिथल्या शेतकऱ्याकडे सरासरी दोन हेक्टरच्या आसपास बाग, बरेचसे मोठ्या कंपन्यांना माल घालतात, आणि अलीकडच्या वर्षांत भाव खर्चाखाली गेले म्हणून ते रस्त्यावरही उतरलेत. हा विषय काढा, दुभाषा लागला तरी चालेल. डोरोची हद्द १७५६ साली सरकारने आखून दिली, भेसळ थांबावी आणि भाव टिकावा म्हणून, आणि भावाचा प्रश्न आजही तसाच आहे.

तोडणीच्या वेळी गेलात तर लागार बघा. ग्रॅनाईटचा चौकोनी उथळ हौद, मांडीपर्यंत द्राक्षं, आणि माणसं खांद्याला खांदा लावून ओळीने पाय उचलत पुढे सरकतात. पहिला तास-दोन तास कुणी मजा करायची नाही, कवायतीसारखं एका तालात, कारण साल सगळीकडे सारखी फुटली पाहिजे. मग गाणं-वाजवणं सुरू होतं. काही किंटा पाहुण्यांनाही उतरू देतात.

प्रश्न (विलेपार्ले) : मिस्टर वाईन घेतात, मी घेत नाही, शिवाय शुद्ध शाकाहारी. मी कंटाळणार का आणि उपाशी राहणार का?

कंटाळणार अजिबात नाही. कोआ खोऱ्यात उघड्यावर दगडांवर कोरलेली हजारो वर्षांपूर्वीची जनावरं आहेत, धरणात बुडणार होती, १९९० च्या दशकात लोकांनी आवाज उठवून धरणच थांबवलं. विला रियलजवळचा मातेउस राजवाडा आणि बाग आहे. फावाइओसला चार कोपऱ्यांचा पाव अजून लाकडाच्या भट्टीत भाजतात. पोर्तोत साओ बेंतो स्टेशनच्या भिंतींवर निळ्या टाईल्सची चित्रं आहेत, त्यासाठी एक तास राखून ठेवा.

जेवणाचं मात्र बुकिंग करतानाच लेखी द्या आणि निघायच्या पंधरा दिवस आधी पुन्हा आठवण करा. नुसतं व्हेजिटेरियन लिहू नका, मांस नाही, मासे नाहीत, अंडं चालतं की नाही, सूपमध्ये मटणाचं पाणी नको, हे सगळं लिहा. काल्दु व्हेर्द हे हिरवं सूप बटाटा आणि पालेभाजीचं दिसतं पण त्यात डुकराच्या सॉसेजची चकती असते. तिथली गोड पक्वान्नं जवळजवळ सगळी अंड्याच्या बलकाची. बोटीवर ऑम्लेट, भाज्या, चीज, पाव, फळं, भात मिळतो आणि आचारी चांगला असेल तर तो खरंच मनापासून करतो. अंडंही खात नसाल किंवा जैन जेवण असेल तर सोबत ठेपले, मेतकूट, लोणचं, चटणी ठेवा.

प्रश्न (फोंडा) : आमच्याकडे पोर्ट वाईन म्हणून जी मिळते तीच का ही? आणि किती बाटल्या आणता येतात?

ती नाही. आपल्याकडची स्वस्त गोड लाल वाईन वेगळी. खऱ्या पोर्टमध्ये द्राक्षरस दोन-तीन दिवस आंबला की त्यात ७७ टक्के अल्कोहोलची द्राक्षाचीच स्पिरिट ओततात, यीस्ट मरतं, आंबणं थांबतं आणि फळाची साखर तशीच राहते. म्हणून ती गोडही आणि कडकही, १९ ते २२ टक्के. पोर्तोसमोर नदीपलीकडे असलेल्या गाया गावातल्या वाईनच्या वखारीत टेस्टिंगला बसलात की रुबी, म्हणजे तरुण लाल पोर्ट, तिच्यापेक्षा वीस वर्षांची टॉनी, म्हणजे लाकडी पिंपात मुरलेली पोर्ट, मागा, अक्रोड-अंजिराचा वास येतो, घरी आणायलाही तीच बरी कारण उघडल्यावर फ्रिजमध्ये महिनाभर नीट राहते. व्हिंटेज, म्हणजे एकाच चांगल्या वर्षाच्या द्राक्षांची पोर्ट, उघडल्यावर एक-दोन दिवसांत संपवावी लागते.

ड्यूटी न भरता माणशी दोन लिटर आणता येतं. बाटल्या चेक-इन बॅगेत, कपड्यात गुंडाळून.

प्रश्न (म्युनिक) : दोन लहान मुलं, क्रूझ महाग, आणि बऱ्याच बोटींवर मुलं घेत नाहीत असं ऐकलं. काही वेगळं जमेल?

बरोबर ऐकलंत, आणि मुलांना आठ दिवस बोटीवर कोंडणं मलाही पटत नाही. तुम्ही ट्रेनने जा. पोर्तोहून पोसिन्योपर्यंत डोरोची रेल्वे लाईन आहे, शेवटपर्यंत साडेतीन तासांच्या आसपास, निम्म्याहून जास्त वाट नदीला चिकटून. पोर्तोहून जाताना उजव्या बाजूच्या खिडक्या धरा. पिन्यांवला उतरा, स्टेशनवरच तोडणीच्या चित्रांच्या २४ टाईल-चौकटी आहेत, मुलांना एकेक ओळखायला लावा, मग धक्क्यावरून तास-दोन तासांची छोटी बोट घ्या. लॉकचा अनुभव हवा असेल तर पोर्तो ते रेग्वा दिवसभराची बोट आणि परतीला ट्रेन असं तिकीट मिळतं, करापातेलो त्यातच येतं.

२३ जूनच्या रात्री पोर्तोत साओ जोआंवचा उत्सव असतो, दुसऱ्या दिवशी राबेलो, म्हणजे पूर्वी वाईनची पिंपं वाहणाऱ्या जुन्या बोटींची शर्यत. मुलांना प्रचंड आवडेल पण हॉटेल कित्येक महिने आधी घ्या. तुम्हाला जर्मनीच्या रेसिडेन्स परमिटवर वेगळा व्हिसा लागणार नाही. भारतातून आजी-आजोबा येणार असतील तर त्यांना शेंगेन लागेल, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, विमा किमान ३०,००० युरोचा हवा आणि अर्ज त्या देशाकडे जिथे जास्त दिवस राहणार. म्हणजे ते तुमच्याकडे महिनाभर राहून आठवडाभर पोर्तुगालला येणार असतील तर अर्ज जर्मनीकडेच करायचा.