दहा बाय तीसच्या ड्राइव्ह-वेला पेव्हर ब्लॉक: ६० की ८०, चकचकीत की खरखरीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फाटकापासून पोर्चपर्यंत १० फूट रुंद, ३० फूट लांब पट्टा. खाली काळी माती. रोजची एक कार, आणि उन्हाळ्यात पाण्याचा टँकरही आत येतो. एकाने ६० मिमीचे चकचकीत ब्लॉक दाखवले, दुसऱ्याने ८० मिमीचे खरखरीत, आणि दुसऱ्याचा दर जास्त. खोदाई सोडून बाकी काम घरीच करायचं आहे. वर विक्रेत्याचा सल्ला असा की खाली डस्ट (खडी क्रशरची बारीक पूड) टाका, वरून सिमेंटचं पाणी फिरवा, झालं काम.

८० मिमीचे, मशीनवर दाबलेले, आयताकृती ब्लॉक घ्या. डस्ट आणि सिमेंटचं पाणी, दोन्हीला साफ नाही म्हणा.

जाडीचं आधी. आयएस १५६५८ हे आपल्याकडचं पेव्हर ब्लॉकचं मानक. त्यात हलक्या रहदारीला ६० मिमी जाडी आणि एम-३५ ग्रेड (काँक्रीटच्या ताकदीची प्रत), मध्यम रहदारीला ८० मिमी आणि एम-४० धरलेलं आहे. नुसती कार असती आणि खाली कडक मुरुमाची जमीन असती तर ६० मिमी पुरले असते. पण ५,००० लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच पाच टन असतं, गाडीचं वजन वेगळं, आणि त्यातला बराचसा भार मागच्या चाकांवर येतो. त्यात काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. इथे जाडीत पैसे वाचवू नका.

आता चकचकीतपणा. ते ब्लॉक रबर मोल्डचे असतात. पातळसर काँक्रीट साच्यात ओतून व्हायब्रेटर टेबलावर हलवतात आणि दुसऱ्या दिवशी साच्यातून काढतात. गुळगुळीत साच्यामुळे चकाकी येते, बऱ्याचदा वरून लॅकरही मारतात. साचा हाताने भरला जात असल्यामुळे प्रत्येक ब्लॉकची जाडी थोडी वेगळी येते आणि तळ ओबडधोबड राहतो. पायवाटेला, गच्चीला ठीक आहेत. ड्राइव्ह-वेवर मात्र पहिल्याच पावसाळ्यात शेवाळ धरलं की त्यावरून चालणंही अवघड, मग उतारावर दुचाकीला ब्रेक मारायची कल्पना करा. मशीनवरचे ब्लॉक कोरडसर मिश्रण कंप आणि दाब देऊन बनवतात. दिसायला मॅट, पण मापात एकसारखे आणि चाकाला पकड देणारे.

आकारात २०० बाय १०० मिमीचा साधा आयत सर्वांत सोयीचा, कारण तो हेरिंगबोन पद्धतीने, म्हणजे एक आडवा एक उभा असा गुंतवून बसवता येतो. चाक वळताना, ब्रेक लागताना ब्लॉकला आडवा धक्का बसतो. सरळ ओळीत लावलेले ब्लॉक त्या धक्क्याने हळूहळू सरकतात, हेरिंगबोनमध्ये प्रत्येक ब्लॉक शेजाऱ्याला अडवून धरतो. झिगझॅग आकाराचे ब्लॉकही चालतील. मोठे चौकोनी फरशीसारखे ब्लॉक गाडीखाली नकोत.

खरेदी यार्डात जाऊनच करा, फोटोवरून नाही. सोबत मोजपट्टी, पाच किलोपर्यंतचा डिजिटल काटा आणि एक खिळा न्या. २००×१००×८० चा चांगला ब्लॉक साधारण ३.६ ते ३.८ किलो भरतो. साडेतीनच्या खाली गेला तर एक तर जाडी कमी आहे, नाहीतर आत पोकळी आहे. दोन ब्लॉक एकमेकांवर हलके आपटा, आवाज खणखणीत यायला हवा. बद्द आवाज म्हणजे कच्चा किंवा आतून तडकलेला माल. खिळ्याने ओढल्यावर पांढरी रेघ उठली तर हरकत नाही, भुकटी निघाली तर पुढच्या यार्डात जा. एक ब्लॉक फोडून दाखवायला सांगा: खडी सगळीकडे सारखी पसरलेली दिसली पाहिजे आणि वरचा रंगीत थर खालच्या काँक्रीटपासून सुटता कामा नये. मग वेगवेगळ्या थप्प्यांमधले दहा ब्लॉक सपाट जमिनीवर ओळीने मांडून वर अॅल्युमिनियमची सरळ पट्टी ठेवा. मानकाप्रमाणे जाडीत ३ मिमी कमीजास्त चालतं. पट्टीखाली त्याहून मोठ्या फटी दिसल्या तर तो चढउतार पुढे गाडीखाली रोज जाणवेल.

तिथून दोन ब्लॉक मागून घरी आणा. दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, वजन करा, २४ तास बादलीत बुडवून ठेवा, फडक्याने पुसून पुन्हा वजन करा. मानकाची सरासरी मर्यादा ६ टक्के आहे, म्हणजे ३.७ किलोच्या ब्लॉकने साधारण २२० ग्रॅमपेक्षा जास्त पाणी पिऊ नये. उन्हात वाळवलेला ब्लॉक आतून पूर्ण कोरडा होत नाही, त्यामुळे घरच्या चाचणीत आकडा खऱ्यापेक्षा कमीच दिसतो. म्हणून इथेही जो नापास झाला तो नक्की नापास समजा.

माल कधी काढलाय ते तारखेसकट विचारा. काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात. मागणी जास्त असली की आठवड्याभराचे ब्लॉकही गाडीत भरले जातात आणि उतरवतानाच कोपरे उडतात. तीन-चार आठवडे पाणी मारून पिकलेलाच माल घ्या. रंग आयर्न ऑक्साइडचा आहे का, हेही विचारा. कार्बनचा काळा रंग पावसाने धुपत जातो. सुरुवातीला वर पांढुरका क्षार फुलला तर घाबरू नका, काही पावसांत तो निघून जातो. अॅसिडने धुऊ नका, वरचा थर खाल्ला जातो.

हिशोब असा. ३०० चौरस फूट म्हणजे २७.९ चौरस मीटर. चौरस मीटरला ५० ब्लॉक, म्हणजे सुमारे १,३९५. सरळ हेरिंगबोनला, म्हणजे ब्लॉक कडेला समांतर ठेवून, कटिंगसाठी ५ टक्के वाढवा, कडेला तिरक्या हेरिंगबोनला १० टक्के. तुम्ही सरळ हेरिंगबोनच लावा आणि १,५०० मागवा. वजन साडेपाच टन होतं, तेवढी गाडी गल्लीत येते का ते आधी बघा. दर चौरस फुटाने सांगतात, त्यात एक गोम आहे: फुटाला ४.६५ ब्लॉक बसतात, पण बिलात कुणी ४.५ धरतं. मग तेच १,५०० ब्लॉक ३२३ ऐवजी ३३३ फुटांचे होतात. म्हणून चलनावर नग लिहून घ्या आणि दर जीएसटी, वाहतूक, उतराई धरून ठरवा. टिपर उलटून माल ओतणार असेल तर नको, थप्पी लावून उतरवायचं आधीच बोलून घ्या. सगळा माल एकदम घ्या. महिन्याने आणलेल्या मालाची छटाही जुळत नाही आणि मापही.

खरा खर्च मात्र खाली आहे. काळ्या मातीत ८० मिमी ब्लॉक, ३० मिमी वाळू, १५० मिमी खडी आणि किमान ३०० मिमी मुरूम धरला तर खोदाई जवळजवळ दोन फूट जाते. मुरूम दाबून ३ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागतो, म्हणजे सुटा ४ ब्रास मागवा. बारीक-मोठी मिश्र खडी सुटी २ ब्रास, क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) अर्धा ब्रास. निघालेली माती सुटी झाल्यावर सात ब्रासच्या आसपास भरेल. ती कुठे टाकायची ते खोदाईआधी ठरवा, बहुतेकांचं काम तिथेच अडतं. मातीवर न विणलेलं जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) अंथरलं तर चिखल मुरुमात चढत नाही. मुरूम आणि खडी चार-चार इंचांचे थर देऊन, पाणी शिंपडून दाबा. घरापासून बाहेरच्या बाजूला ५० ला १ उतार इथेच काढा, १० फुटांना साधारण अडीच इंच.

डस्ट का नको? तिच्यातली बारीक पूड पाणी धरून ठेवते. वरून चाक गेलं की ती चिखलासारखी सांध्यांतून वर येते, खाली पोकळी होते आणि चाकाच्या पट्ट्यात ब्लॉक बसतात. धुतलेली क्रश सँड वापरा. थर एकसारखा यावा म्हणून खडीवर एक इंची जीआय पाइपचे दोन तुकडे समांतर ठेवा. एक इंची पाइपचा बाहेरचा व्यास साधारण ३३ मिमी असतो. दोन्हींवरून पट्टी ओढली की वाळू आपोआप तेवढीच राहते. मग पाइप उचला आणि खाचा हाताने भरा. खडीतले खड्डे वाळूने भरून काढू नका. जिथे वाळू जाड, तिथेच पुढे खळगा पडतो.

सिमेंटच्या पाण्याचा त्रास वेगळाच. ब्लॉकचा थर थोडा हलता राहायला हवा. सिमेंटचे सांधे पहिल्याच वर्षी तडकतात, पाणी आत जातं आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. शिवाय पाइपलाइनसाठी ब्लॉक उचलायची वेळ आली तर फोडावेच लागतात. सांधे २ ते ३ मिमीचे ठेवून त्यात बारीक, पूर्ण कोरडी वाळू झाडूने भरा. ४-५ घनफूट पुरते.

कडा आधी बांधा. दोन्ही बाजूंना आणि फाटकाशी काँक्रीटमध्ये बसवलेला कर्ब (कडेचा आधार) नसेल तर कडेचे ब्लॉक बाहेर सरकतात आणि मागोमाग सगळे सांधे उघडतात. कटिंगला चार इंची ग्राइंडरची डायमंड ब्लेड ८० मिमी एका बाजूने कापत नाही. वरून-खालून खाच पाडून तोडा, नाहीतर सात इंची मशीन भाड्याने आणून दोन्ही बाजूंनी कापा. पाणी मारत कापा आणि मास्क लावा, ती धूळ फुप्फुसांना घातक आहे. ब्लॉकच्या एक तृतीयांशाहून लहान तुकडा कडेला बसवू नका, तो टिकत नाही.

शेवटी प्लेट कॉम्पॅक्टर (सपाट पत्र्याने कंप देऊन दाबणारं मशीन) फिरवा, खाली रबरी मॅट बांधून. मुरूम दाबायचा उड्या मारणारा रॅमर ब्लॉकवर अजिबात नको. एक फेरी वाळू भरण्याआधी, मग वाळू भरून पुन्हा दोन. पहिल्या पावसाळ्यानंतर सांध्यांतली वाळू खाली बसलेली दिसेल, तेव्हा परत भरा. उरलेले ५०-६० ब्लॉक गोदामात नाही, तर उघड्यावर उन्हापावसात ठेवा, म्हणजे पाच वर्षांनी एखादा बदलावा लागला तर त्याचा रंग बाकीच्यांइतकाच उतरलेला असेल.