घशात हात घालू नकोस, आधी हंबरणं ऐक

गाय लाळ गाळते, पाण्याला तोंड लावते पण घोट उतरत नाही, म्हणून घशात कोय अडकली असेल असं तुला वाटतंय. मलाही म्हशीच्या वेळी तसंच वाटलं होतं. उघड्या हाताने तोंड चाचपलं, पण ती पिसाळलेली, म्हणजे रेबीज झालेली निघाली आणि मग मला रेबीजच्या इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स घ्यावा लागला.

आधी आवाज ऐक. पिसाळलेल्या जनावराचं हंबरणं घोगरं, फाटकं होतं आणि ते सारखं हंबरत राहतं. कुंथतं, शेपूट लुळी पडते, मागचे पाय लटपटतात. काही जनावरं अंगावर येतात, पण काही नुसती सुन्न उभी राहतात आणि तिथेच आपण फसतो. चाव्याची खूण शोधत बसू नकोस; कुत्रं चावून महिना-दोन महिने झाले असतील तर जखम कधीच भरलेली असते.

लक्षणं दिसल्यावर इलाज नाही, साधारण 10 दिवसांत जनावर जातं. पक्कं निदान मेल्यावर मेंदूच्या तपासणीतूनच होतं. तो नमुना डॉक्टरच काढतील, तू डोक्याला हात लावू नकोस.

आजच गाय वेगळी बांध, दूध काढू नकोस. लाळ लागली असेल तर साबणाने 15 मिनिटं धू आणि तडक दवाखाना गाठ. घरातल्या पोरांनाही विचार, कोणी तिला चारा भरवला का.