बेरीज नंतर कर

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र दोनदा वाचलं. कुर्ल्याच्या त्या बाईंचा पीएचक्यू-९ चा, म्हणजे डिप्रेशन तपासणाऱ्या नऊ प्रश्नांच्या (प्रत्येकी ० ते ३ गुण) चाचणीचा, आकडा १४ आला, तू डिप्रेशनची गोळी लिहायला घेतलीस आणि हात अडखळला. अडखळला ते बरंच झालं. झोप, थकवा, भूक आणि एकाग्रता, एवढ्या चार प्रश्नांतच १२ गुण भरू शकतात. पहाटे चारला उठून डबे करायचे, मग लोकलला लोंबकळायचं. त्यात रक्त कमी असेल तर? हिमोग्लोबिन, थायरॉइड बघितलंस का? पत्रात त्याचा उल्लेखच नाही!

आधी एकेक उत्तर वाच. बेरीज नंतर.

चाचणी कुठली, म्हणतेस. गर्दीत पहिले दोनच प्रश्न विचार. ३ किंवा जास्त आले तर पुढचे सात. जीव घाबरत असेल तर गॅड-७, ती चिंतेची सात प्रश्नांची चाचणी. बाळंतिणीला एडिनबरोची प्रश्नावली, कारण थकवा आणि भूक ती विचारतच नाही. पण पीएचक्यू-९ च्या बेरजेत १० ला आजाराची रेघ मारून मोकळी होऊ नकोस. मूळ अभ्यासात ही रेघ आजारी आणि निरोगी दोघांनाही ८८ टक्के वेळा बरोबर ओळखते. तुझ्या १०० पेशंटांत १० खरे आजारी धर: नऊ सापडतील, आणि अकरा जणांवर उगाच शिक्का बसेल.

उलटंही होतं. लालबागच्या माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ आले होते. बेरीज ७. सौम्य म्हणून मी बी-कॉम्प्लेक्स दिलं. नवव्या प्रश्नाला, मरणाच्या विचारांच्या, त्यांनी १ वर खूण केली होती. मी ती पाहिलीच नाही. आठ दिवसांनी त्यांच्या भावाचा आयसीयूबाहेरून फोन आला. ते वाचले, त्यात माझं काही श्रेय नाही.

तेव्हापासून नववा प्रश्न मी तोंडाने विचारतो, बेरीज कितीही असो. विचारल्याने कुणाच्या डोक्यात मरण शिरत नाही. रांग खोळंबते, कंपाउंडर कुरकुरतो, काही पेशंट शेजारच्या डॉक्टरकडे गेले. जाऊ देत. असं विचारण्यात मी चुकलो असं मला आजही वाटत नाही. वेळ नाही हे कारण तूही मला सांगू नकोस.

उद्या त्या बाईंना परत बोलाव. सोबत आलेल्यांना बाहेर बसव. कागद समोर ठेवून एकेक उत्तर विचार. गोळीआधी हेही विचार, की कधी चार-पाच दिवस झोप नसतानाही अंगात उत्साह मावत नव्हता का; तसं असेल तर आजार वेगळा असू शकतो. नवव्यावर शून्याखेरीज काही आलं, तर त्यांना एकटं घरी पाठवू नकोस. माझा दवाखाना दहाला बंद होतो, पण फोन चालू असतो.

तुझा,
डॉक्टरकाका