वाचकांचे प्रश्न: नाशिकची वाइन चाखायची कशी?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक एकाच विषयावरची आहेत: वायनरीतलं टेस्टिंग आणि घरी किंवा सोसायटीत चारचौघांनी मिळून वाइन चाखणं. काही पत्रं एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: आमच्या सोसायटीत वीस जणांनी मिळून वाइन चाखायची, असं ठरलं आहे. गच्चीवर, संध्याकाळी सातला. किती बाटल्या आणायच्या, किती ग्लास लागतील आणि आधी कोणती ओतायची? (गंगापूर रोड)

आधी जागा बदला. गच्चीवर वारा असतो आणि वाइनचा निम्मा आनंद वासात असतो. ग्लास फिरवून नाकाशी नेईपर्यंत वास उडून जातो. शिवाय सातची वेळ म्हणजे घराघरांतून फोडणीचा वास येण्याची वेळ. सोसायटीचा हॉल घ्या आणि जमलं तर रविवारी सकाळी अकराला बसा. तेव्हा तोंडाला जेवणाची चव नसते, नाकही ताजं असतं. उदबत्ती, डासांची कॉइल, रूम फ्रेशनर अर्धा दिवस आधीपासून बंद ठेवा. अत्तर लावू नका, मोगऱ्याचा गजरा माळू नका, हे सगळ्यांना आदल्या दिवशी सांगा. एका गजऱ्याने सगळ्या टेबलाची सोव्हिन्याँ ब्लाँ (ही पांढरी वाइन) मोगऱ्याची होऊन जाते.

आता हिशेब. चाखायला एका वाइनचे ३० मिली पुरतात. वीस जणांचे ६०० मिली झाले. बाटली ७५० मिलीची असते, म्हणजे प्रत्येक वाइनची एक बाटली आणि वर दीडशे मिली शिल्लक. ही शिल्लक लागतेच, कारण शेवटी "ती दुसरी पुन्हा दे" म्हणणारे चार-पाच जण निघतात. माणसं बावीसपर्यंत गेली तरी चालतं, चोविसाव्या माणसाला मात्र बाटली तळाला जाते. डोळ्यांच्या अंदाजाने ओतू नका. पहिल्या पाच जणांना ४५ आणि शेवटच्या पाच जणांना १५ मिली, असं हमखास होतं. ३० मिलीचं पेगचं माप वापरा.

पाचांहून जास्त वाइन ठेवू नका. सहाव्या वाइनला जीभ थकते आणि सगळ्या सारख्याच लागतात. नाशिकमध्ये सहज मिळणाऱ्या प्रकारांतून आम्ही असा क्रम लावू: आधी ब्रूट (म्हणजे गोड नसलेली) फेसाळ स्पार्कलिंग, मग सोव्हिन्याँ ब्लाँ, मग ड्राय, म्हणजे गोड नसलेली, गुलाबी रोझे, मग लाल शिराझ आणि शेवटी गोड लेट हार्वेस्ट (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची) शेनिन. गोड वाइन आधी आली तर पुढची ड्राय वाइन चिंचेसारखी आंबट लागते आणि दोष बिचाऱ्या वाइनला जातो. लेट हार्वेस्ट बहुधा ३७५ मिलीच्या छोट्या बाटलीत येते. ती प्रत्येकी १५ मिलीच द्या, एका बाटलीत वीस जणांचं भागतं. सगळं मिळून माणशी १३५ मिली झाले. त्यातलं अल्कोहोल व्हिस्कीच्या साधारण सव्वा छोट्या पेगइतकं होतं, त्यामुळे गाडी चालवत कुणी परत जाणार नाही, हे आधीच ठरवून ठेवा.

ग्लास माणशी दोन असावेत, एक पांढरीसाठी आणि एक लालसाठी. उभ्या दांड्याचा, वर निमुळता होत जाणारा, २०० ते २५० मिलीचा कोणताही चालेल. चहाचे काचेचे ग्लास नकोत, कारण त्यांचं तोंड रुंद असतं आणि वास धरून राहत नाही. केटररकडून आलेल्या ग्लासांना पावडरीचा किंवा खोक्याचा वास असतो. ते गरम पाण्याने, साबण न लावता पुन्हा धुवा आणि रिकाम्या ग्लासात नाक घालून तपासा. वास आला तर पुन्हा धुवायचे. ही दहा मिनिटं कुणी देत नाही आणि मग "वाइनला कसला तरी वास आहे" अशी तक्रार होते. एकाच ग्लासात दोन वाइन घ्यायच्या असतील तर मध्ये पाण्याने विसळू नका. ग्लासाला पाणी राहतं आणि ३० मिली वाइनमध्ये तेवढंही कळतं. पुढच्या वाइनचा एक चमचा घालून ग्लास फिरवा आणि ती ओतून टाका.

टेबलावर पांढरा कागद अंथरा, रंग त्याच्यावरच कळतो. तोंड साफ करायला साधा पाव किंवा ज्वारीची भाकरी आणि साधं पाणी ठेवा. शेंगदाणे, चिवडा, हिंगाचा पापड, बडीशेप हे सगळं चाखणं संपल्यावर. दोन माणसांत एक थुंकायचं भांडं ठेवा, स्टीलचा उंच डबा उत्तम. कार्यक्रमाला तिकीट किंवा वर्गणी असेल, बाहेरची माणसं बोलावली असतील, तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा तात्पुरता परवाना आधी काढा. तारीख ड्राय डेची नाही ना आणि येणाऱ्या प्रत्येकाला २१ पूर्ण आहेत ना, हेही बघा.

प्रश्न: टेस्टिंग रूममध्ये इतकी आवडली म्हणून तीच वाइन घेऊन आलो. पंधरा दिवसांनी घरी उघडली तर उग्र आणि कडवट. आम्हाला वेगळी बाटली दिली का? (पंचवटी)

नाही. बाटली तीच, तापमान वेगळं. नाशिकमध्ये वाइन बिघडण्याचं पहिलं कारण ऊन आहे आणि त्याबद्दल आम्ही लिहीत राहू.

लेबलवर "रूम टेम्परेचर" लिहिलेलं असतं, ते युरोपातल्या थंड घरांचं, सोळा ते अठरा अंशांचं. आपल्याकडे एप्रिलात खोलीत ३० ते ३२ अंश असतात. तेवढ्या गरम शिराझमधून फळाऐवजी स्पिरिटचाच झणका नाकात जातो. लाल वाइनही उघडण्याआधी फ्रिजमध्ये तास-सव्वा तास ठेवा. घाई असेल तर बर्फ घातलेल्या पाण्यात सात-आठ मिनिटं पुरतात. पांढरी आणि रोझे फ्रिजमध्ये साडेतीन तास ठेवायला हवी. बर्फाच्या बादलीत वीस-पंचवीस मिनिटांत होते, पण बादलीत नुसता बर्फ नको. निम्मं पाणी आणि निम्मा बर्फ घाला, वरून मूठभर मीठ टाका. नुसत्या बर्फात बाटलीला हवाच जास्त लागते आणि ती गार व्हायला दुप्पट वेळ घेते. फ्रीजरमध्ये ठेवून विसरलात तर मात्र बाटली फुटते.

ओतताना पांढरी ८ अंशांपर्यंत गार असू द्या. पातळ ३० मिलीचा घोट आपल्या हवेत पाच-सात मिनिटांत १२-१३ अंशांवर येतो आणि तिथेच तिची चव सगळ्यात छान खुलते.

दुसरी शक्यता अशी की बाटली वायनरीतून घरी येताना तापली. उन्हात बंद गाडीच्या डिकीत तासाभरात पारा पन्नासपर्यंत जातो. बूच अर्धं वर आलेलं असेल किंवा गळ्याला चिकट ओघळ असेल, तर ती उकडलेली बाटली समजा. तिला शिजवलेल्या मनुकांचा वास येतो आणि ती परत सुधारत नाही. खरेदी दिवसाच्या शेवटी करा आणि बाटल्या डिकीत न ठेवता एसीत, सीटखाली ठेवा.

खरोखर सदोष बाटली कशी ओळखायची, तेही सांगून ठेवतो. ओल्या पुठ्ठ्याचा, पावसात भिजलेल्या गोणपाटाचा वास आला तर बूच खराब. नेलपॉलिश किंवा व्हिनेगरचा झणका आला तर वाइन आंबली. काडी विझवल्यासारखा किंवा सडक्या अंड्याचा हलका वास मात्र घाबरण्याचा नाही. ग्लास जोरात फिरवून पाच मिनिटं थांबा, बहुतेक वेळा तो जातो. पहिल्या दोन्हींत बाटली परत न्या. चांगल्या वायनरीत ती निमूट बदलून देतात, फक्त निम्म्याहून जास्त संपवून नेऊ नका.

प्रश्न: पहिल्यांदाच टेस्टिंगला जात आहोत. थुंकणं असभ्य वाटेल का? आणि एका दिवसात किती वायनऱ्या होतील? (इंदिरानगर)

थुंकणं तिथे शिष्टाचारातच येतं. घोट तोंडात घ्या, पाच-सहा सेकंद सगळीकडे फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा आणि मग टाका. चव पूर्ण कळते. वाइन न आवडल्यास उरलेली त्याच भांड्यात ओतली तर कुणाला राग येत नाही. ओतणाऱ्याला "छान आहे" म्हणण्यापेक्षा "ही मला आंबट वाटली" असं सरळ सांगा. तो पुढची बाटली त्यावरून निवडतो.

दिवसात दोन, फार तर तीन वायनऱ्या. आणि दिशा एकच धरा. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा एकमेकांच्या जवळ आहेत. इगतपुरीकडे गेलात तर सांजेगावची ग्रोव्हर झाम्पा आणि कावनईची व्हॅलोने. दिंडोरीच्या बाजूला शाँदों. दोन बाजू एका दिवसात केल्या तर वेळ रस्त्यातच जातो. शनिवार-रविवारी दुपारनंतर टेस्टिंग रूममध्ये इतका गोंगाट असतो की समोरचा काय सांगतोय ते ऐकू येत नाही. मधल्या वारी, सकाळचं पहिलं टेस्टिंग घ्या. तेव्हा बाटल्याही नुकत्याच उघडलेल्या असतात. काल उघडलेली तर नाही ना, हे विचारायला संकोचू नका.

गाडीबद्दल आमचं म्हणणं एकच आहे: चालवणाऱ्याने चाखायचं नाही, किंवा ड्रायव्हर करून जायचं. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दोन वायनऱ्यांत प्रत्येकी पाच-सहा घोट गिळले की ही रेषा सहज ओलांडली जाते.

प्रश्न: पुण्याहून येतोय. वेलीवर द्राक्षं बघायची असतील तर कधी यावं?

जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बाग बोडकी दिसते. पावसाळ्यात हिरवीगार असते, पण घड नसतात. फळ सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीनंतरच धरतं. तोडणीच्या दिवसांत मजूर पहाटे अंधारातच तोडायला लागतात, कारण घड गार असतानाच आत आले पाहिजेत. पाय देऊन द्राक्षं तुडवण्याचा कार्यक्रम याच दिवसांत असतो. मुलांना न्या, मजा येते. फक्त त्या रसाची वाइन होते असं समजू नका.

प्रश्न: आमची चार एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे. भाव पडला की वाटतं, वायनरीला द्यावी. घेतील का? (निफाड)

थॉमसन वाइनला देणं हा तोट्याचा विचार आहे, आणि हे आम्ही जबाबदारीने सांगतो. खाण्याच्या द्राक्षाला तुम्ही जीए (जिबरेलिक आम्ल, वाढीचं संजीवक) देऊन मणी फुगवता. वाइनला उलट हवं: मणी लहान आणि साल जाड, कारण रंग, वास आणि टॅनिन (तोंड कोरडं करणारा तुरट घटक) सालीत असतं. मोठ्या मण्यात रसाच्या मानाने साल कमी पडते. शिवाय तुमचा माल १७-१८ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) निघतो. ब्रिक्सला ०.५५ ने गुणलं की अल्कोहोल कळतं, म्हणजे साडेनऊ-दहा टक्के. वायनरीला २२ ते २४ ब्रिक्स लागतात. थॉमसनला स्वतःचा वासही फारसा नाही.

वाइनचं वाण लावायचं मनात असेल तर एकरी उतारा निम्म्याहून कमी धरा, कारण घड मुद्दाम कमी ठेवावे लागतात. आणि वायनरीशी लेखी करार हातात पडल्याशिवाय एकही रोप लावू नका. करारात भाव, ब्रिक्सची अट, तोडणीची तारीख कोण ठरवणार आणि पैसे किती दिवसांत, हे चारही असलं पाहिजे. २००८-०९ नंतरच्या मंदीत या जिल्ह्यातल्या अनेकांनी उभ्या बागा काढल्या. वाइनची द्राक्षं बाजार समितीत नेऊन विकता येत नाहीत. घेणारा हटला की माल वेलीवरच राहतो.

प्रश्न: मिसळीबरोबर कोणती? (सिडको)

लाल नको. टॅनिन आणि तिखट एकत्र आलं की जिभेची आग वाढते, आणि चौदा टक्क्यांची वाइन त्यात भर घालते. किंचित गोडसर शेनिन ब्लाँ घ्या, चांगली गार, १२ टक्क्यांच्या आसपासची. तिचा गोडवा रश्शाचा झणका सांभाळतो आणि आंबटपणा तर्रीचं तेल कापतो. लिंबू मात्र मिसळीवर कमी पिळा, नाही तर वाइन पाणचट लागते. काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर शिराझ जमते, पण रस्सा मध्यम तिखट असेल तरच.

प्रश्न: जुन्या बाटलीच्या तळाशी काचेसारखे खडे निघाले. फेकून देऊ का? (ओझर)

फेकू नका. ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक आहेत, द्राक्षातलेच. बाटली फार दिवस गार राहिली की खाली बसतात. जिभेवर ठेवून बघा: काच विरघळत नाही, हे हळूहळू विरघळतात आणि आंबट लागतात. बाटली दोन तास उभी ठेवा, हळू ओता आणि शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या.